टेकडीमागचा माळ

नकाशावरचा हिरवा गोल म्हणजे आपल्याच टेकडीमागचा माळ, हे बलगासमला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो खुर्चीवरून उठून उभा राहिला.

गावच्या शाळेत सभा भरली होती. राजधानी ट्यूनिसहून आलेला अधिकारी सांगत होता, की आखातावरचा खतकारखाना आता आपला पांढरा गाळ समुद्रात सोडणार नाही. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या समितीने तसा सल्ला दिलाय आणि सरकारने तो मानलाय. गाळ पाइपातून इथे आणायचा आणि माळावर साठवायचा. जागा सुरक्षित आहे.

"सुरक्षित? असं म्हणालं कोण?" बलगासमने विचारलं.

"तुम्हीच की!" अधिकारी हसला. "समितीची माणसं तुमच्याच घरी उतरली होती ना?"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. म्हातारी हाज्जा झोहरा पहिल्या रांगेतूनच म्हणाली, "काय खायला घातलंस रे त्यांना? चांगलंच अंगी लागलेलं दिसतंय."

त्याने कोकरू कापलं होतं. त्या पाहुण्यांना घेऊन त्याची थोरली बहीण सालहा आली होती. ती आखातावरच्या शहरात रसायनशास्त्रज्ञ. त्या कारखान्याशी भांडण्यातच तिची उमर गेली. आखातातले मासे संपले, कोळ्यांच्या होड्या वाळूवर पडून राहिल्या. किनाऱ्यावर वाळलेल्या गाळाच्या धुळीने तिची धाकटी मुलगी रात्रभर बसून श्वास घ्यायची. सालहा म्हणाली होती, "यांना जमिनीखालचं पाणी बघायचंय." बलगासमला वाटलं, नवी विहीर मिळणार. त्याने स्वतः त्यांना माळावर नेलं, यंत्र ओढायला आपला ट्रॅक्टर दिला. वर फुशारकीने सांगितलं, "इथे शेळ्यांशिवाय कुणी फिरकत नाही. कुदळ मारली तर उडून अंगावर येते. पाऊस पडला तरी थेंब आत जात नाही." सालहा त्याचं एकेक वाक्य पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सांगत होती. पाहुणे मान डोलवत होते.

माळावरचा वारा मात्र थेट खजुरीच्या बागांवर येतो. ते कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यालाही सांगायचं सुचलं नव्हतं.

सभा सोडून तो तसाच गाडी काढून शहरात गेला. सालहाच्या दारात चपलांचा ढीग होता. कोळ्यांच्या बायका मिठाई घेऊन आल्या होत्या, आत हसणं-रडणं एकच चाललं होतं. तो उंबऱ्यातच थांबला. ती बाहेर अंगणात आली.

"ताई, त्यांनी तुला फसवलं," तो म्हणाला. "तुझ्या नावावर माझ्या घरात शिरले आणि आमचाच माळ घेतला. चल, तू त्यांना खडसाव. तुझं ते ऐकतील."

सालहाने मागचं दार ओढून घेतलं.

"ताई?"

"त्यांनी खोटं काही लिहिलेलं नाही, बलगासम. गाळ कुठेतरी जाणारच होता. इथे लाखभर माणसं त्याची धूळ श्वासात घेतात. तिकडे..."

"तिकडे आम्ही आहोत."

तिने मान खाली घातली. आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती हलली नाही.

"म्हणजे तुला ठाऊक होतं. माझ्या ताटात जेवताना ठाऊक होतं."

"हो."

त्याने गावाकडच्या रस्त्याकडे बोट केलं. "कोरडे माळ काय थोडे आहेत? वाटेत इतकी गावं लागतात. आमचंच का, ताई?"

"त्या सगळ्या गावांत मी आधी जाऊन आले," सालहा म्हणाली. "कशासाठी आलोय ते खरं सांगितलं, तर कुणी वेशीच्या आत घेतलं नाही. मला काही न विचारता घरात घेणारा तू एकटाच होतास."