मागे काही उरू नये

अमेरिकेतल्या एका जंगलाच्या तोंडाशीच रेंजरने कॅम्पर थांबवली. २००७च्या जूनपासून तिथे नवे नियम लागू झाले होते. मुक्काम फुकट, पण फक्त सेल्फ-कंटेन्ड गाड्यांना. रेंजरने हातात दिलेला कागद अनीश मागे बसलेल्या आईवडिलांना मराठीत सांगू लागला.

“पाणी, गॅस, टॉयलेट, सगळं आपलं आपल्याबरोबर हवं. आवाज करायचा नाही, कोणाला त्रास द्यायचा नाही. दिलेले दिवस संपले की निघायचं. आणि जाताना मागे काही म्हणजे काही उरता कामा नये.” त्याने कागद डॅशबोर्डवर टाकला. “किती रूल्स, यार. बाबा, तुम्हाला दोघांना जमेल का हे? नाहीतर कॅन्सल करू, हॉटेल बघू.”

गुरुनाथराव खिडकीबाहेर बघत होते. दोन महिने नेपरव्हिलला थोरल्या मुलाकडे काढून ते दोघं गेल्याच आठवड्यात फ्रिस्कोला अनीशकडे आले होते. पुढचे दोन महिने कॅरीला लेकीकडे.

“जमेल रे,” ते म्हणाले. “सवय आहे आता.”

दशम्यांबरोबर खायला घेतलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी अहिल्याबाईंनी मांडीवर नीट धरली.

 

नेपरव्हिलहून निघताना ती बरणी त्यांनी थोरल्यासाठी मुद्दाम फ्रीजमध्ये ठेवली होती. चौथ्या दिवशी त्याने ती कुरिअरने फ्रिस्कोला पाठवून दिली, वर चिठ्ठी चिकटवून, ‘आई, तू ही इथेच विसरलीस.’