गल्लीतलं एक मत

"एक," चष्मेवाल्याची मोठी बहीण म्हणाली. "आपल्या गल्लीच्या केंद्रावर तुला एक मत. फक्त एक."

चष्मेवाल्याने काच पुसणं थांबवलं नाही. आज दुकान बंद होतं, पण दुरुस्तीचे दोन चष्मे तो घरी घेऊन आला होता.

निकाल नगराध्यक्षपदाचा होता आणि त्याचं कुणालाच नवल वाटलं नव्हतं. या गावाची मतं आधी चष्मेवाल्याच्या सासऱ्यांना पडत. ते गेल्यावर मेहुण्याला पडू लागली. लोक चौकात उभे राहून नळाला, खड्ड्यांना, शाळेकडे जाणाऱ्या मोडक्या पुलाला नावं ठेवत, 'यंदा बदल हवाच' म्हणत, आणि पडद्याआड गेले की शिक्का सवयीच्या जागी उमटे. पुलाची फळी तुटून शाळेतल्या एका मुलीचा पाय मोडला, तेव्हा चष्मेवाल्याने मेहुण्याविरुद्ध अर्ज भरला. दुसरं कुणी भरेना, म्हणून.

हरणार हे त्याने धरलंच होतं. पण मतं केंद्रवार मोजली जातात, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"माझं मत पलीकडच्या केंद्रावर. ते मी तुला घालून आले," बहीण म्हणाली. "शेजाऱ्यापाजाऱ्यांचं सोड, ते तसलेच. पण या घरात तुम्ही दोघं. दोघांचं मिळून एक?"

स्वयंपाकघराच्या दारात चष्मेवाल्याची बायको उभी होती. हात ओलेच होते.

"ते एक माझं आहे," ती म्हणाली.

"तुझं? आणि याचं काय वाऱ्याने उडालं?"

"ते मला काय ठाऊक? मी माझं सांगतेय."

"अगं, भावाला दिलंस तर दिलंस. सरळ सांग, मी काही खाणार नाही तुला." बहिणीने पाय समोर घेतला. टाचेला पट्टी होती. "पण महिनाभर याच्यासाठी दारोदार मी फिरले. हा मत मागायला जायचा आणि लोकांच्या चष्म्याचे स्क्रू आवळून परत यायचा. पत्रकावर स्वतःचा फोटो नको म्हणाला. 'मला मत द्या' एवढं काही याच्या तोंडून शेवटपर्यंत निघालं नाही."

तेवढ्यात मेहुणा आला. गाडीवरचा भोंगा त्याने कोपऱ्यावरच बंद करायला लावला होता.

"भाऊजी, राग नाही ना?" खुर्ची ओढून घेत तो म्हणाला. "काल रांगेतही तुम्ही मला पुढे घेतलंत. असा विरोधक शोधून सापडायचा नाही." मग तो स्वतःच्या बहिणीकडे, चष्मेवाल्याच्या बायकोकडे वळला. "आणि ताई, मला वाटलं होतं या खेपेला तू मला विसरलीस. पण आकडा पाहिला आणि जीव भांड्यात पडला. आत्ताच आईला सांगून आलो, आपली ताई आपलीच आहे म्हणून."

"आईला सांगितलंस?" बायकोचा आवाज चढला नाही. "मी तिला आधीच तोंडावर सांगितलं होतं, मत यांना देणार म्हणून. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही."

"आता बोलेल की. सगळं मिटलं."

"म्हणजे मी खोटी पडले, म्हणून मिटलं."

मोठ्या बहिणीने खिडकीबाहेर पाहिलं.

बायको पदराला हात पुसत टेबलाशी आली. नवऱ्यासमोर उभी राहिली.

"मघापासून तुम्ही गप्प आहात. या दोघांचं जाऊ दे. तिकडे आईला मी खोटारडी वाटेन, इकडे वन्संना घरभेदी, तेही सोसेन. पण मला या घरात राहायचंय ते तुमच्याबरोबर. तुम्ही सांगा, ते मत कुणाचं?"

चष्मेवाल्याने चष्मा खाली ठेवला. एकदा बहिणीच्या टाचेकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"तुझं," तो म्हणाला.

"माझी समजूत काढायला म्हणू नका."

"समजूत नाही. मला माहीत आहे."

"वा! बायकोची बाजू घ्यावी, पण किती?" बहीण ताडकन उठली. "अरे, ते हिचं असेल, तर तुझं मत गेलं कुठे?"

चष्मेवाल्याने मान खाली घातली आणि मेहुण्याकडे बोट दाखवलं.