उखळाच्या खड्ड्यातलं नाणं

उखळ पुरायला गोजरनं ओसरीच्या कोपऱ्यात खड्डा घेतला, तर हातभर खाली पहार गाडग्यावर वाजली. धनाचा हंडाच लागला म्हणून बाई हरखली! वर काढून पाहते तर काय, एक पळी, एक लाकडी फणी, कुंकवाचा करंडा आणि गंजून हिरवं पडलेलं, भोक असलेलं तांब्याचं नाणं.

तिला काही उमगेना. असल्या वस्तू कोण पुरून ठेवतं? आधीच झोळीतलं पोर तीन दिवस तापानं फणफणत होतं, त्यात हे नसतं कोडं.

गावाचं टपाल सांभाळणारे शालिग्राम मास्तर क्विनाईनची पुडी घेऊन आले. त्यांनी नाणं चिंचेनं घासलं, डोळ्यांजवळ धरलं.

"अगं, हा रोमचा बादशहा! नागपूरच्या अजब बंगल्यात, त्या संग्रहालयात, असलंच पाहिलंय मी. दीड हजार वर्षं झाली असतील याला."

"अन् फणी, मास्तर? तिले वाळवी काऊन नाही लागली?"

मास्तरांनी फणी उलटीपालटी केली. "असते एकेक माती," म्हणाले आणि निघाले. मास्तरच ते, ठाऊक नाही म्हणतील होय! गोजरचा गोंधळ होता तिथंच राहिला.

दिवेलागणीला तिचा नवरा इंद्रभान शेतातून आला. गाडगं पाहून दारातच थबकला.

"जुन्या लोकायचं हाये," गोजर म्हणाली. "दीड हजार वर्षांचं, मास्तर सांगून गेले."

"हाव, असन," म्हणत तो खाली बसला.

तेवढ्यात पोरानं डोळे फिरवले. गोजरचा धीर सुटला.

"सवतच झोंबली हो माह्या लेकराले! तिचा टाक घालू द्या मले. पाया पडतो तुमच्या."

पहिली बायको मेली की तिच्या नावाचा टाक, धातूचा छोटा पत्रा, दुसरीनं गळ्यात घालायचा, ही रीत. पण इंद्रभानची पहिली बायको झुंबर मेली कुठं होती? सहा वर्षांमागं ती बांगड्या विकणाऱ्याबरोबर जालन्याला पळाली, हे साऱ्या गावाला ठाऊक. ती कुठंतरी मेलीच असेल म्हणून गोजरनं टाकाचं नाव काढलं की इंद्रभान उसळायचा, "जित्या बाईचा टाक कोनी घालते काय वं?"

आज तो उसळला नाही. पोराकडं पाहत राहिला. मग त्यानं ते नाणं काळ्या दोऱ्यात ओवलं आणि तिच्यापुढं धरलं.

"हे तिच्याच गळ्यातलं हाये," तो म्हणाला. "टाक समजून घाल."