तिसरा द्रोण

एकाहत्तरच्या लढाईत दारूगोळ्याच्या कारखान्यात रविवारीही ओव्हरटाइम असतो, असं नीलकंठ घरी सांगायचा. कुंदाला ते पटत नव्हतं. एका रविवारी ती हट्टानं त्याला घेऊन ग्वारीघाटाजवळच्या नदीकाठच्या बागेत आली.

तिथं नवराबायकोनं पानाच्या द्रोणात एकेक दिवा ठेवून नर्मदेत सोडायचा. दिवेवालीनं न विचारताच नीलकंठच्या हातात दोन द्रोण दिले. कुंदानं त्यातला एक उचलला, तशी ती म्हणाली, "आपको अलग चाहिए, बहनजी? ये तो भैया और दीदी के हैं."

"कोण दीदी?" कुंदा फणकारली.

"काही तरी चूक होऊन राहिली तिची," नीलकंठ म्हणाला.

कुंदा त्याच्या शेजारी घाटाच्या पायरीवर बसली. उजेड अजून होता, पाणी संथ होतं. पाण्यात नीलकंठ दिसत होता आणि त्याला खेटून बसलेली, पिवळ्या साडीतली एक बाई. कुंदाची साडी हिरवी होती.

बाईनं मान वर करून कुंदाकडे पाहिलं. आपली हक्काची जागा कुंदानं बळकावल्यासारखा जळफळाट त्या नजरेत होता. तिचे ओठ हलले.

नीलकंठ पाण्यावर वाकला आणि तिची समजूत घालत म्हणाला, "काहून चिडतेस? माझ्या शेजारी कोणीच नाही."