लिंग ओळखा

तिसरी चिठ्ठीही स्कूटरच्या पुढच्या खणातच सापडली, गाडी पुसायच्या फडक्याखाली. बोटभर रुंदीची कागदाची पट्टी, मागची बाजू गुळगुळीत, पुढे निळी अक्षरं.

‘रविवारपर्यंत घरी सांग. नाहीतर सोमवारी मीच येऊन सांगेन.’

वर्तमानपत्राच्या कचेरीमागे, जिथे सगळ्यांच्या गाड्या लागत, तिथे उभं राहून त्याने ती तीनदा वाचली. कचेरीत त्याला ‘वेलांटी’ म्हणत. मुद्रितं तपासणं हे त्याचं काम, आणि ऱ्हस्व-दीर्घावरून तो खुद्द संपादकांशीही हुज्जत घाली, म्हणून हे नाव. पण या चिठ्ठीत लाल शाईने गोल करावं असं काही नव्हतं. लिहिणाऱ्याचं शुद्धलेखन पक्कं होतं, आणि इरादाही.

पहिल्या चिठ्ठीत विचारलं होतं, ‘तुला बायकाही आवडतात आणि पुरुषही, हे घरी माहीत आहे?’ दुसरीत एवढंच, ‘लग्न केलंस म्हणून मागचं पुसलं जात नाही.’

मागचं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी खोलीतल्या जोडीदारावर त्याचा जीव जडला होता. पुढे बायको भेटली, तिच्यावरही तसाच जडला. दोन्ही खरं होतं. फक्त ते बोलून दाखवायची सोय नव्हती. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी त्याने तिच्याजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

संशय पहिल्यांदा गेला तो पुरवणीप्रमुखावर. गेल्या महिन्यात आरोग्याच्या पानात ‘उभयलिंगी’ असा शब्द आला होता. वेलांटीने तो खोडून ‘उभयलैंगिक’ केला आणि समासात लिहिलं, ‘पहिला शब्द शरीराबद्दल, दुसरा ओढीबद्दल.’ पुरवणीप्रमुखाने तो कागद सगळ्यांसमोर नाचवला.

“काय हो वेलांटी, इतकी बारीक माहिती? स्वानुभव की काय?”

हशा पिकला. “असल्यांचं बरं असतं,” पानं लावणारा म्हणाला, “दोन्ही डगरींवर हात!”

“बरं कसलं? काहीतरी एक ठरवा म्हणावं आधी,” पुरवणीप्रमुख म्हणाला.

वेलांटीही हसला. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला, आणि त्याची त्याला अजून लाज वाटत होती.

आता तो प्रत्येकाचं तोंड निरखून पाही. चिठ्ठीच्या पट्ट्या कागद कापल्यावर उरणाऱ्या कातरणांसारख्या दिसत, म्हणजे माणूस आतलाच. पण बाई की बुवा? मराठीत माणूस दोन वाक्यं बोलला की क्रियापद चहाडी करतं. येतो, येते. जातो, जाते. ‘सांगेन’ मात्र कोणाचंच नाव घेत नाही. शाळेत ‘लिंग ओळखा’ या प्रश्नाला त्याला कायम पैकीच्या पैकी मिळत. इथे त्याची मती गुंग झाली होती.

घरी सगळं घड्याळाच्या काट्यावर चाले. स्कूटर बायकोची, लग्नाआधीपासूनची. सकाळी ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नेई, दीडला परत येऊन किल्ली त्याच्या तळहातावर ठेवी, की दोनला हा निघे. एरवी त्या किल्लीबरोबर एखादी थट्टाही मिळायची. गेला पंधरवडाभर नुसती किल्लीच मिळत होती. दाराची घंटा वाजली की ती दचके. दोनदा तर तिने खिडकीचा पडदा किंचित सारून खाली रस्त्यावर पाहिलं. तिला कुणकुण लागली आहे, असं तो धरून चालला.

रविवारी दुपारी ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तो समोर येऊन उभा राहिला.

“मला काहीतरी सांगायचंय. मध्ये थांबवू नकोस. थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही.”

त्याने सगळं सांगितलं. खोली, जोडीदार, ते वर्ष, नंतरचं गप्प राहणं. सांगताना तो तिच्या हातातल्या टॉवेलकडेच पाहत होता. टॉवेलची घडी अर्धीच राहिली होती.

“याला शब्द आहे,” तो शेवटी म्हणाला.

“शब्द राहू दे. आमच्याकडे नळीला लेबल लावायच्या आधी माणसालाच विचारतात, नाव काय तुमचं. तू तुझं सांग.”

“तू हवी आहेस. आणि तो होता, हेही खरं आहे. ते खोटं होतं असं मला म्हणायला लावू नकोस.”

“नाही लावणार.” तिने त्याचा हात ओढून त्याला शेजारी बसवलं. “वेडा आहेस तू. तीन वर्षं एकट्यानेच वाहत बसलास?”

त्याचा बांध फुटला. लहान मुलासारखा तो हमसून हमसून रडला, आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. छातीवरची धोंड उतरली होती. आता सोमवारी कोणीही येवो.

“पण आजच का सांगितलंस?” तिने विचारलं.

त्याने पाकिटातून तिन्ही पट्ट्या काढून तिच्या मांडीवर ठेवल्या. “धमकी आली होती.”

तिने मजकूर नीट वाचलासुद्धा नाही. एक पट्टी उलटी करून लेबलामागच्या कागदासारख्या गुळगुळीत बाजूवरून अंगठा फिरवला. चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“कुठे मिळाल्या?”

“स्कूटरच्या खणात, फडक्याखाली. कचेरीतलंच कोणीतरी असणार. तो आहे की ती, तेही कळत नाही.”

ती उठली. दाराला आतून कडी लावली, खिडकीचा पडदा ओढला आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

“चिठ्ठी फडक्याखाली ठेवत जा,” ती हळूच म्हणाली, “हे लग्नाआधी मीच तिला सांगितलं होतं.”