गुहेतलं जनावर

“पहिलं अर्धं मिनिट पडदा काळाच ठेवायचा. फक्त आवाज,” आमची दिग्दर्शिका शाल्मली म्हणाली. “गुहेतल्या जनावराचा श्वास! परीक्षकांची बोबडी वळली पाहिजे. दार करकरणं, कुत्रं रडणं असलं शिळं काही आणू नकोस.”

विद्यार्थ्यांच्या फिल्मला जनावर कोण देणार? रविवारी जेवून बाबा वामकुक्षीला आडवे झाले, तेव्हा मी त्यांच्या उशाशी माइक ठेवला. ते घोरणं कंप्युटरवर निम्म्या वेगानं वाजवलं, खर्ज वाढवला आणि माझ्याच अंगावर काटा आला. कुणाला सांगितलं मात्र नाही.

कॉलेजच्या सभागृहात अंधार झाला आणि श्वास सुरू झाला. पुढच्या रांगेत एका परीक्षकांच्या तोंडून ‘आई गं’ निघालं. शेजारी बसलेले बाबा पुटपुटले, “बाप रे, काय आहे हे?” शाल्मलीनं आनंदानं माझा हात दाबला.

तेवढ्यात त्या भयाण अंधारात, बाबांच्या पलीकडून आईचा पेंगुळलेला, सवयीचा आवाज आला, “अहो, कुशीवर वळा.”

हशा पिकला. शाल्मलीनं कपाळावर हात मारला. बाबा मात्र तोवर खुर्चीतल्या खुर्चीत निमूट वळले होते.