आडवी रेघ

"मामा, ये लवकर. मी डबा उघडते," म्हणून भाची खाली गेली. प्रयोगशाळेतले बाकीचे आधीच जेवायला गेले होते.

मामा एकटे उरले. त्यांच्या टेबलावर गरम तेलात बसवलेला चंबू होता आणि त्यात तपकिरी चिकटा झाला होता. पलीकडे भाचीची बाटली, तिच्यावर निळा दिवा. आच नाही, वास नाही. नुसत्या उजेडावर आतले रेणू एकमेकांना जोडले जात होते, साखळी लांबत होती. सकाळी पाण्यासारखं होतं ते आता मधासारखं दाट झालं होतं.

तिला इथे मामांनीच आणलं. तेव्हा सगळे तिला 'मामांची भाची' म्हणत. हल्ली तेच 'भाचीचे मामा' झाले होते. मामांचं दुकान चुलीवर, भाचीचं दिव्यावर, असं कोणीतरी म्हणालं तेव्हा मामाही हसले होते. आज संचालक येणार होते, तेही तिचीच बाटली बघायला.

मामांनी दिव्याचं बटण बंद केलं. उजेड गेला की साखळी तुटणार, असा त्यांचा हिशेब. एकदा तुटली की पुन्हा जुळायची नाही.

खाली भाचीने त्यांच्या वाटणीचं काढून ठेवलं होतं. एवढा वेळ कुठे होतास, असं तिने विचारलं. हात धूत होतो, म्हणाले. निम्मं तसंच ठेवून उठले.

वर आल्यावर ती बाटलीपाशी जरा थबकली. बाटलीतला थेंब काढून तिने साखळीची लांबी मोजायच्या यंत्रात घातला आणि मग दिवा लावला. दुपारभर थेंब काढत राहिली. मामांनी चंबूवरून मान वर केली नाही.

संचालक आले. भाचीने आलेख पुढे धरला. रेघ चढत गेलेली, मध्ये आडवी, मग पुन्हा चढलेली.

"दिवा बंद केला की वाढ थांबते, लावला की जिथे थांबली तिथूनच पुढे," ती म्हणाली. "मला हे करून बघायचा धीरच होत नव्हता."

"मग केलं कोणी?"

"मामाने."

तिने मामांकडे पाहिलं नाही. संचालकांनी त्यांची पाठ थोपटली आणि म्हणाले, आम्हालाही एकदा दाखवा की.

सगळे भोवती जमले. मामांचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

"दाब ना मामा," भाची हळूच म्हणाली. "काही तुटत नाही."